परतावा म्हणजे भाव नव्हे

आभार मानले तिनं माझे, बाकी काही नाही. शिवी दिली असती तर एवढं लागलं नसतं. त्या सात मजली हॉटेलाच्या सामानाच्या लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो, मध्ये मळक्या टॉवेलांची गाडी, आणि गाडीच्या पलीकडे तिथली खोल्यांची मुख्य, म्हणजे खोल्यांची साफसफाई, चादरी-टॉवेल बघणारी बाई. तिला आम्ही ऑफिसात कडक इस्त्री म्हणतो, कारण तिच्या युनिफॉर्मवर आणि बोलण्यात सुरकुती म्हणून सापडायची नाही. तर ती चक्क हसली. म्हणाली, “मॅडम, राहूनच गेलं बघा. वर्षअखेरीला तुम्ही जो परतावा दिलात ना, त्यातून आमच्या सगळ्या मजल्यांवरचे पडदे नवे झाले. आमचे साहेब म्हणाले, त्या बाईंना आवर्जून सांगा, मन मोठं आहे त्यांचं.” मी म्हटलं, “अहो, त्यात काय.” सवयीनं म्हटलं. गिऱ्हाईक आभार मानतं तेव्हा ‘त्यात काय’ म्हणायचं आणि ओरडतं तेव्हा ‘बघते मी’ म्हणायचं, ही दोन वाक्यं माझ्या तोंडात दातांसारखी बसली आहेत. लिफ्ट थांबली, ती गाडी ढकलत निघून गेली, आणि मी आत तशीच उभी. कसला परतावा? कुणी दिला? दार पुन्हा बंद झालं आणि लिफ्ट मला घेऊन उगाचच वर गेली.

वर कुणीतरी ओला मॉप घेऊन उभं होतं, त्यानं मला बघून ‘सॉरी’ म्हटलं आणि तो मागे सरकला. आज ज्यानं त्यानं माझ्याशी चांगलंच वागायचं, असा काही कट होता की काय कोण जाणे. मी खाली आले, मागच्या दारानं बाहेर पडले. आमचीच गाडी तिथं उभी होती, आमच्याच चादरींचे गठ्ठे उतरत होते, आणि त्यांच्यातून तो वाफेचा, साबणाचा, किंचित जळक्या सुताचा वास येत होता. या वासात माझी उमेदीची वर्षं गेली. लोक घरी गेल्यावर हातपाय धुतात, मी केस हुंगते. वास असला की वाटतं, आजचा दिवस कामी आला. आज मात्र मी गाडीपासून लांब जाऊन उभी राहिले. कारण परतावा हा शब्द मला कळत नव्हता असं नाही. चांगला कळत होता. वर्षभर गिऱ्हाइकानं ठरलेला भाव भरायचा आणि वर्ष संपलं की त्यातला काही भाग गुपचूप त्याला परत द्यायचा. म्हणजे कागदावर भाव तोच राहतो आणि प्रत्यक्षात उतरतो. आमच्या धंद्यात हे सगळे करतात. आम्ही करत नव्हतो. आम्ही करत नाही, असं मी लोकांच्या तोंडावर सांगत आले, छातीवर हात ठेवून.

माझं काम तसं सांगायला सोपं. आमची लाँड्री हॉटेलांना आणि दवाखान्यांना चादरी, अभ्रे, टॉवेल पुरवते, मळलेलं नेते, धुतलेलं आणते. आणि ही जी नेहमीची गिऱ्हाइकं, त्यांचे भाव ठरवायचे, करार करायचे, ती दुसरीकडे जाणार नाहीत हे बघायचं, ते मी करते. करार म्हणजे काय, तर तीन वर्षं तुम्ही एकही रुमाल दुसऱ्याकडून घ्यायचा नाही आणि आम्ही तुम्हाला सवलतीचा भाव द्यायचा. मध्येच सोडून गेलात तर घेतलेली सगळी सवलत परत करायची. एवढंच. पण या एवढ्यात माणसाची जात कळते. एक असतात कटकटे, टॉवेलाचा एक धागा सुटला की फोन, ‘आम्ही दुसरीकडे बघतो’ हे वाक्य नमस्काराच्या आधी. त्यांचा भाव दरवर्षी उतरतो. दुसरे असतात चहा विचारणारे. ‘उन्हातून आलात, बसा आधी,’ म्हणतात, कराराचा कागद न वाचता सही करतात. त्यांचा भाव कधीच उतरत नाही, कारण उतरवावा असं कुणाला सुचतच नाही. रडल्याशिवाय आई पाजत नाही, तर लाँड्री कशाला पाजेल? आमचे थोरले, म्हणजे ज्यांनी ही लाँड्री काढली ते, त्यांना हे पटायचं नाही. ते म्हणायचे, “जो बोलत नाही त्याचं आपण बोलायचं. तुम्ही त्यांच्या वकील, माझ्या नोकर नव्हे.” आणि पगार मात्र नोकराचाच द्यायचे, ते जाऊ दे.

चहा विचारणाऱ्यांत सगळ्यात पहिली मावशी. माझी कुणी नव्हे ती. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत तिचं लहानसं हॉटेल आहे, नवऱ्यामागे एकटीनं चालवलेलं, सगळी गल्लीच तिला मावशी म्हणते म्हणून मीही म्हणते. थोरल्यांचं पहिलं गिऱ्हाईक ती. निळ्या गाड्यावाले, म्हणजे ती दुसरी मोठी लाँड्री, गावात आले आणि त्यांनी सगळीकडे भाव पाडले, तेव्हा आमची निम्मी गिऱ्हाइकं पळाली. मावशीकडे त्यांचा माणूस कागद घेऊन बसलेला होता आणि मी जिन्यातच उभी राहून ऐकत होते. तो गेल्यावर मी वर गेले. म्हटलं, “मावशी, मी या खुर्चीवर आहे तोवर तुमच्यापेक्षा कमी भाव कुणाला मिळणार नाही. कुणाला म्हणजे कुणालाही. माझा शब्द.” ती माझ्याकडे बघून म्हणाली, “तुझी खुर्ची मजबूत आहे ना गं? नाहीतर आपटायचीस.” आम्ही दोघी हसलो. थोरल्यांना सांगितलं तर त्यांनी ते वाक्य करारातच घालून घेतलं, जसंच्या तसं. म्हणाले, शब्द दिलाय तर आता गिळता येणार नाही.

त्या दिवसापासून मी तिच्याकडे महिन्यातून एकदा तरी जातेच. गाडीवाला जातो, कपडे मोजून देतो, माझ्या जाण्याची तशी गरज काहीच नाही. पण जाते. पहिल्या मजल्यावर कपाटांची खोली आहे, तिथं आम्ही चादरींच्या गठ्ठ्यांवरच बसतो. ती फाटका अभ्रा काढून माझ्या मांडीवर टाकते, म्हणते, “घे, तुझी लेक आली माहेरी.” मग इकडचं तिकडचं. तिचे गुडघे, माझी सासू, कुठल्या खोलीतला पाहुणा बाथरूमचा नळ काढून घेऊन गेला ते. माझा नवरा म्हणतो, कंपनी तुला गप्पांचे पैसे देते. मी म्हणते, गप्पांचे नाही देत, म्हणून तर मारते. आणि आज चार वाजता मला तिच्याकडेच जायचं होतं. करार संपत आला होता. पुढच्या तीन वर्षांचा कागद माझ्या पिशवीत होता, त्यात तेच वाक्य होतं, आणि तिच्या समोरचंच ते सात मजली हॉटेल वर्षभरात खोल्यांचं भाडं उतरवत उतरवत मावशीच्या भाड्याच्या खाली आलेलं होतं. मावशीनं वरचा मजला बंद केला होता. मागच्या महिन्यात म्हणाली होती, “त्यांना परवडतं कसं गं? त्यांचं पाणी काय फुकट येतं?” मी म्हटलं होतं, “मोठे लोक, मावशी. तोटा खाऊन बसतात.” मी म्हटलं होतं हे. मी!

ऑफिसात आले ती सरळ चिरंजीवांच्या खोलीत गेले. चिरंजीव म्हणजे थोरल्यांचा मुलगा. थोरले गेल्यापासून तोच बघतो सगळं. शिकून आला तेव्हा त्याला चादर आणि पलंगपोस यांतला फरक माहीत नव्हता. मीच त्याला इस्त्रीच्या रोलरपाशी उभं करून अंगठ्यानं कापड कसं जोखायचं ते शिकवलं. चारचौघांत मी त्याला अहो-जाहो करते, दार लावलं की अरे-तुरे. मी दार लावलं. म्हटलं, “सात मजल्यांना परतावा दिलास?” त्यानं मान वर केली, आणि मला जे दुखलं ते हे की तो दचकला नाही. ‘हो’ म्हणाला, पाणी हवंय का विचारावं तसं. “काकू, ते गिऱ्हाईक गेलं असतं तर एक मशीन बंद पडलं असतं. माणसं काढावी लागली असती.” मी म्हटलं, “आणि मावशीला दिलेला शब्द? तिच्यापेक्षा कमी भाव कुणाला नाही, करारात लिहिलंय.” तो म्हणाला, “भाव कुठे कमी केलाय? भाव तोच आहे, एक पैसा इकडे नाही की तिकडे नाही. परतावा म्हणजे भाव नव्हे. वकिलाला विचारलंय मी.” “तुझ्या वडलांना विचारायला हवं होतंस.” “बाबा असते तर लाँड्री विकावी लागली असती, काकू. तुम्हालाही माहितीये ते.” मला माहीत नव्हतं. आज मला काहीच माहीत नव्हतं, हा नवा छंदच लागला होता. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? मी इतकी वर्षं या खुर्चीवर, नेहमीच्या गिऱ्हाइकांचे भाव माझ्याकडे, आणि मला लिफ्टमध्ये, मळक्या टॉवेलांच्या वासात, परक्या बाईकडून कळावं? तेव्हा तो उठला, टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आला आणि अगदी मायेनं म्हणाला. मायेनंच, खोटं कशाला बोलू. “तुम्हाला सांगितलं असतं तर तुमच्या तोंडावर दिसलं असतं. तुम्हाला खोटं बोलता येत नाही. तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणूनच तर लोक तुमच्यावर विश्वास ठेवतात. अहो, तुमचा चेहरा हीच आपली सवलत आहे.”

मी त्याच्या खोलीतून निघाले. माझ्या टेबलाशी येऊन बसले आणि खालून रोलरांचा तो संथ घरघराट बुटांच्या तळव्यांतून अंगात चढत राहिला. मला माझ्या चेहऱ्याची लाज वाटायला लागली. गालाला हात लावून बघितला. इतकी वर्षं मला वाटायचं की मी लोकांकडे जाते, मी बोलते, मी शब्द देते, ते पाळते. आणि इथं मला खिडकीत मांडून ठेवलं होतं. दुकानात मागे उंदीर असतात आणि पुढे काचेत बाहुली उभी असते, तिला बिचारीला काय ठाऊक. याला म्हणतात केसानं गळा कापणं. आणि कापताना ‘काकू’ म्हणणं. त्याहूनही पचत नव्हतं ते हे, की मीसुद्धा चहा विचारणाऱ्यांपैकीच निघाले. मी कधी कटकट केली नव्हती. ‘दुसरीकडे बघते’ असं कधी म्हटलं नव्हतं, निळ्या गाड्यावाल्यांनी बोलावलं होतं तेव्हासुद्धा. मी घरच्यासारखी होते. घरच्यांना कोण सवलत देतं?

नवऱ्याला फोन केला. म्हटलं, “अहो, असं असं झालं.” तो सगळं ऐकून घेत होता, मागे त्यांच्या ऑफिसातला पंखा वाजत होता. म्हणाला, “पण तुझं काय गेलं त्यात?” मी म्हटलं, “माझा शब्द गेला.” तो म्हणाला, “तो मालकाचा शब्द होता, तू निरोप्या. निरोप चुकला तर निरोप्याला कुणी धरत नाही.” मग म्हणाला, “आज काही बोलू नकोस तिथे. सही घे आणि घरी ये. उगाच आपल्याच पायावर धोंडा नको.” चांगला माणूस आहे. माझ्या काळजीनंच बोलला. आज ज्यानं त्यानं माझ्यावर मायाच केली, आणि प्रत्येकाच्या मायेनंतर मी थोडी कमी कमी होत गेले.

मावशीच्या गल्लीत शिरताना मी ठरवून टाकलं होतं. सांगायचं. सगळं सांगायचं, पायरीवर उभं राहून सांगायचं, चहाच्या आधी. तिनं तीन वर्षांची सही केली की संपलं. या भावात तिचा आणखी एक मजला बंद होणार, आणि मध्येच सोडायचं म्हटलं तर सवलत परत करता करता हॉटेल विकायची पाळी येणार. ते मी होऊ देणार नव्हते. नोकरी गेली तर गेली. तिला धक्का बसेल, ती ओरडेल, ‘तुझ्यावर विसंबून राहिले आणि तू’ म्हणेल. म्हणू दे. मी पाय धरीन. मला त्या ओरडण्याची जवळजवळ ओढ लागली होती. माझ्या वतीनं कुणीतरी आज ओरडायला हवं होतं. जिना चढताना हाताला कठडा चिकट लागला, आणि वरून तिचा आवाज आला, “आलीस का गं? चढ हळू, तुझंही वय झालं आता.”

ती गठ्ठ्यावर बसली होती, शेजारचा गठ्ठा माझ्यासाठी झटकून ठेवलेला. चष्मा हातात, पेनसुद्धा काढून ठेवलेलं. मी बसले नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. परतावा, सात मजले, पडदे, वकील, सगळं, धापा टाकत, मागचं पुढे आणि पुढचं मागे. “मावशी, तुम्हाला दिलेला शब्द मोडलाय आम्ही. वर्षभर मोडलाय. सही करू नका.” एवढं बोलून मी थांबले आणि वाट बघत राहिले. ती चष्मा पदरानं पुसत होती. म्हणाली, “बस.”

“मावशी, ऐकलंत ना?”

“ऐकलं. मला ठाऊक आहे ते.” तिनं चष्मा डोळ्यांना लावला. “ती त्यांच्याकडची खोल्यांची मुख्य आहे ना, ती आधी माझ्याकडेच कामाला होती. पडदे आले तेव्हाच मला सांगून गेली, वर्ष उजाडता उजाडता. बस की गं, मान दुखते माझी वर बघून.”

मी बसले. वर्ष उजाडता उजाडता. म्हणजे त्यानंतर मी कितीतरी वेळा आले होते. तिनं तेव्हाही गठ्ठा झटकून ठेवला होता. सासू दवाखान्यात होती तेव्हा तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला होता, आणि तो हात फिरवताना तिच्या मनात होतं की ही बाई मला फसवते आहे. “त्यांना परवडतं कसं गं?” हे तिनं मला सगळं ठाऊक असताना विचारलं होतं. मी काय बोलते ते बघायला विचारलं होतं. आणि मी म्हटलं होतं, मोठे लोक, मावशी.

“मला माहीत नव्हतं हो,” मी म्हटलं. “शपथ. आज सकाळी कळलं. मला कुणी सांगितलंच नाही.”

“बरं,” ती म्हणाली.

“खरंच नव्हतं माहीत!”

“बरं बाई, नव्हतं.” समजूत घालावी तसं म्हणाली. मग चहाचा कप माझ्याकडे सरकवून, आवाज जरासुद्धा न चढवता तिनं विचारलं, “हे असं सांग म्हणून थोरल्यांच्या पोरानंच पाठवलं का तुला? खरं सांगून टाकलं की म्हातारी सही करील म्हणून?”

रागावली असती तर मी भांडले असते. ती रागावली नव्हतीच; बाजारात वांगं किडकं निघालं तर कुणी वांग्यावर रागावत नाही, तसं. मी पिशवीतला कागद आणखी आत खुपसला. म्हटलं, “निळ्या गाड्यावाल्यांना बोलवा तुम्ही. उद्याच बोलवा. ते पुष्कळ कमी भाव देतील तुम्हाला, वरचा मजला उघडेल. माझं ऐका एवढं.”

“त्यांच्याकडून कोण येईल?”

“गाडीवाला येईल. सकाळी कपडे मोजून देईल, नेईल.”

“तो येईलच. वर येऊन बसेल कोण?”

मी चहाचा कप उचलला.

“तू येशील का मग?” तिनं विचारलं. माझ्याकडे न बघता, गठ्ठ्याची गाठ चाचपत. मी ‘हो’ म्हणायला हवं होतं. मी म्हटलंही, “येईन की. का नाही येणार?” पण ते मलाच ऐकू आलं, आणि ते ‘बघते मी’सारखं ऐकू आलं. ती हसली. “तू आजवर धंद्यासाठी आलीस, मला का कळत नाही? येईना का. कुणी कशासाठी का येईना. आलीस तर खरी ना. भाव जास्त लावता तो लावता, मी म्हटलं, जाऊ दे, त्यात हिच्या येण्याचे पैसे धरलेत.”

मी इथं आले होते ते आपणहून आले होते, मावशी. फुकट आले होते. भर उन्हात, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, घरी खोटं सांगून आले होते. हे सगळं मी मनातच बोलत राहिले, कारण आता ते बोलले असते तर कुणाला खरं वाटलं असतं? तिनं वर्षभर माझ्या प्रत्येक फेरीचे पैसे भरले होते, आणि भरले म्हणून ती मला चहा देऊ शकत होती.

तिनं हात पुढे केला. मी कागद देत नाही हे बघून तिनं स्वतःच माझ्या पिशवीत हात घातला, तो बाहेर काढला, मांडीवर सरळ केला. “वाचा तरी,” मी म्हटलं. “काय वाचायचं त्यात,” ती म्हणाली, आणि चष्म्यातून वर बघत तिनं पेनाचं टोपण काढलं.

“पुढच्या महिन्यात कधी येतेस ते सांग आधी,” ती म्हणाली. “मग करते सही.”